मिलिटरी लॅबमध्ये दिवसभर नेमकं करतात काय? (भाच्याचा हट्ट, मावशीची झोप उडाली)

चिखलीकरीण

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा भाचा फोंड्याला असतो, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, वेर्ण्याला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर लागलाय. आता त्याने डीआरडीओची (सैन्यासाठी संशोधन करणारी सरकारी संस्था) सेप्टॅमची म्हणजे भरतीची परीक्षा द्यायचं डोक्यात घेतलंय, एसटीए-बी म्हणून टेक्निकल असिस्टंटची पोस्ट असते त्यासाठी. झालं, घरात महाभारत. आजोबा म्हणतात घरचं जेवण सोडून कुठे त्या हैदराबाद-विशाखापट्टणमला जातोस, ताई म्हणते बॉम्बबिंब बनवतात तिथे, फुटला म्हणजे? आणि भावोजींचं तिसरंच, सरकारी लॅबमध्ये कोणी काही करत नाही, चहा पितात आणि पेन्शनची वाट बघतात.

मी राहते दाबोळीच्या बाजूला. नेव्हीची विमानं रोज डोक्यावरून जातात, पण त्यामागे लॅबमध्ये काय चालतं याची शप्पथ काही कल्पना नाही. इथे कोणी अशा ठिकाणी काम केलंय का? डिप्लोमावाल्या पोराच्या वाट्याला तिथे काय येतं?

वाळपईचा_वाघ

भावोजींना +१. हलकेच घ्या.

खारंवारं

ताई, मी ३१ वर्षं होतो. लॅबचं नाव लिहीत नाही, सवय नाही हो, रिटायर होऊन सांकवाळला घर बांधून सहा वर्षं झाली तरी सुटत नाही. मी सायंटिस्ट नव्हतो, तुमच्या भाच्यासारखाच डिप्लोमावाला, त्यामुळे जे सांगतो ते खालून बघितलेलं आहे.

आधी बॉम्बचं. डीआरडीओ १९५८ पासूनची, लॅब पन्नासेक, पण स्फोटकांशी थेट संबंध असलेल्या मोजक्या, जसं पुण्याची एचईएमआरएल. बाकीच्यांचं काम ऐकलंत तर ताई हसेल. म्हैसूरची डीएफआरएल जवानांच्या जेवणावर काम करते, पाकिटातला पुलाव महिनोन्महिने टिकला पाहिजे म्हणून. ग्वाल्हेरच्या लॅबने डासांचं औषध काढलंय, डेपा म्हणून. तुम्ही मडगावहून कोकणकन्याने जाता त्या डब्याखाली जो बायोटॉयलेट असतो ना, त्यातले जंतूपण यांच्याच लॅबमधून आलेत. आणि आपल्याला जवळची म्हणजे अंबरनाथची एनएमआरएल, नेव्हीसाठी रंग, रबर, गंज हे तिथले विषय.

माझं सगळं आयुष्य गेलं एन्व्हायरनमेंटल टेस्टमध्ये. आमच्याकडे काही बनत नव्हतं, दुसऱ्यांनी बनवलेलं आमच्याकडे मोडायला यायचं. रेडिओ आला, पंखा आला, डिस्प्ले आला, की ठरलेली वारी. इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी जेएसएस ५५५५५ म्हणून पुस्तक आहे, पाच पाचांचं, त्यात सगळं लिहिलेलं. तापवा, गोठवा, हलवा, आदळा, धुळीत ठेवा, पावसात ठेवा, बुरशी लावा, आणि आमचं लाडकं म्हणजे मिठाचं धुकं.

मिठाच्या धुक्याची चेंबर म्हणजे मोठा फ्रीजच समजा पण आत ३५ डिग्री. ५ टक्के मिठाचं पाणी हवेच्या दाबाने फवारायचं, धुकं हळूहळू वस्तूवर बसतं. किती बसतं ते मोजायला आत नरसाळी ठेवायची, ८० चौरस सेंटिमीटरच्या नरसाळ्यात तासाला १ ते २ मिली जमलं पाहिजे, कमी नाही जास्त नाही. पाण्याचा पीएच ६.५ ते ७.२ मध्ये. हे सकाळ-संध्याकाळ बघायचं आणि वहीत लिहायचं. नोझल चोंदलं की काढून साफ करायचं. आणि ठरलेल्या तासांनी दार उघडून आत काय झालंय ते बघायचं आणि जसं दिसलं तसं लिहायचं. ऐकायला कंटाळवाणं वाटेल, आहेच कंटाळवाणं. पण माझ्या सहीशिवाय ती वस्तू पुढे जायची नाही, आणि ती वस्तू बनवणारा साहेब दाराबाहेर उभा असायचा, तो तीन वर्षं तिच्यावर बसलेला असायचा आणि मी म्हणायचो साहेब, गंज आहे.

भावोजींना सांगा, चहा प्यायचो. चेंबर ४८ तास चालते, मधे काय करणार.

चिखलीकरीण

काका किती छान लिहिलंत!! आमच्या घरात ही टेस्ट फुकट होते बघा. फॅनचे स्क्रू दोन पावसाळ्यांत लाल, एसीचं बाहेरचं युनिट पाच वर्षांत जाळी होऊन पडलं, टीव्हीच्या रिमोटच्या स्प्रिंगा हिरव्या. एक विचारू का, ते मीठ कुठलं वापरता? आमच्या आगरवाड्याचं, मिठागरातलं, चालेल का :)

खारंवारं

बरोबर प्रश्न विचारलात. आगरवाड्याचं चालणार नाही, पिठीमीठ पण नाही. पिठीमिठात आयोडिन असतं, आगराच्या मिठात मॅग्नेशियम असतं, लॅबला शुद्ध सोडियम क्लोराइडच लागतं कारण बंगलोरमध्ये टेस्ट केली काय आणि कोचीत केली काय, मीठ तेच पाहिजे.

पण गंमत अशी की तुमचा फॅन आगराच्याच मिठाने मरतो. साधं मीठ हवेत साधारण ७५ टक्के ओल असेल तरच पाणी ओढून घेतं. मॅग्नेशियम क्लोराइडला ३३ टक्के पुरे. म्हणजे जानेवारीत हवा कोरडी झाली, तुम्हाला वाटलं सुटलो, तरी समुद्राचं मीठ जिथे बसलंय तिथे ओलंच. गंज सुट्टी घेत नाही. लहानपणी आजीच्या मडक्यातलं मीठ पावसाळ्यात पाझरायचं, खाली करवंटी ठेवायची, ते तेच.

एक किस्सा सांगतो, नाव-गाव गाळून. एक डबा आला होता, ॲल्युमिनियमचा, जहाजावर उघड्यावर बसणार होता. अनोडाइज केलेला (धातूवर ऑक्साइडचा टणक थर चढवतात तो), वर रंग, चांगला देखणा. आमच्या चेंबरमध्ये पास झाला. मी सही केली. आठ महिन्यांनी जहाजावरून परत आला तो झाकण उघडेना. स्टीलचे स्क्रू ॲल्युमिनियममध्ये घट्ट बसलेले आणि भोवती पांढरी पूड, साबुदाण्याच्या पिठासारखी. दोन वेगवेगळे धातू, मधे खारं पाणी, झाला सेल तयार, टॉर्चमध्ये असतो तसा. त्यात ॲल्युमिनियम बिचारं विरघळत जातं आणि स्टील मजेत. रंग होता ना वर, मग कसं? तर स्क्रू आवळताना वॉशर गोल फिरतो आणि बरोबर स्क्रूखालचा रंग खरवडतो. कोणाला दिसत नाही कारण वर स्क्रूचं डोकं.

मग चेंबरमध्ये का नाही दिसलं? आम्ही डबा स्क्रू लावलेला ठेवला आणि स्क्रू लावलेलाच परत दिला, पुस्तकात उघडा म्हणून लिहिलेलं नव्हतं. दुसरं म्हणजे चेंबरमध्ये तो सतत भिजत होता. जहाजावर काय होतं, लाट येते, ऊन पडतं, सुकतं, मीठ दाट होतं, रात्री परत ओल. ओलं-सुकं ओलं-सुकं हे नुसत्या ओल्यापेक्षा वाईट. म्हणून आता चक्राच्या टेस्ट करतात, थोडा वेळ फवारा, थोडा वेळ कोरडं, थोडा वेळ दमट. त्यानंतर मी जे काही पास केलं त्याचा एक तरी स्क्रू सोडवून बघितल्याशिवाय सही केली नाही. साहेब वैतागायचे, म्हणायचे हे कुठे लिहिलंय दाखवा. कुठे नव्हतं लिहिलेलं.

जून_मधला_फोटोवाला

काका स्क्रूचा किस्सा जबरी. बुरशीचं पण लिहा ना, कारण माझ्या दोन लेन्स बुरशीने गेल्यात, म्हापशाचा रिपेअरवाला म्हणाला काचेवरचं कोटिंगच खाल्लंय, पुसून जाणार नाही.

बुरशीवरून आठवलं, मायक्रोबायोलॉजी केलेली असल्याने एवढं एक मला येतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याचे पॅसिफिकमधल्या बेटांवर कॅनव्हासचे तंबू, पट्टे, कपडे सगळं कुजायला लागलं, सुती माल महिन्याभरात चिंध्या. आपल्याकडे जुलैत कपाटातल्या चामड्याच्या बुटावर जे होतं त्याचा मोठा भाऊ. तर सैन्याच्या लॅबने काय केलं, कुजलेल्या मालावरच्या बुरश्या गोळा करून आणल्या आणि पाळल्या. सॉलोमन बेटांवरून आलेल्या एकीला नंबर दिला क्यूएम६ए. ती कापसाचा सेल्युलोज इतक्या सफाईने तोडायची की एल्विन रीस नावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांच्याबरोबर मेरी मँडेल्स हे पुढे वर्षानुवर्षं नॅटिकच्या लष्करी लॅबमध्ये तिच्यामागेच लागले. तंबू वाचवायला सुरुवात केली होती आणि हातात आलं एन्झाइम. आज जीन्स दगडावर न घासता धुरकट करतात त्यात, कपड्यांच्या साबणात, इथेनॉलमध्ये त्याच घराण्यातली बुरशी कामाला आहे. १९७७ मध्ये तिचं नावच रीसच्या नावावरून ठेवलं, ट्रायकोडर्मा रीसीआय.

म्हणजे माझ्या लेन्स खाणारीला पण कोणीतरी नोकरी द्या रे.

खारंवारं

@फोटोवाला, बुरशीची टेस्ट २८ दिवसांची असते साधारण. ठरलेल्या बुरश्यांचं पाणी करून वस्तूवर शिंपडायचं आणि दमट गरम पेटीत ठेवून द्यायचं. शेजारी कापडाची पट्टी ठेवायची साक्षीदार म्हणून, तिच्यावर बुरशी आली नाही तर टेस्टच फुकट, परत पहिल्यापासून. आमच्याकडे ती पेटी उघडायला कोणी तयार नसायचं, वास. लेन्स सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर बल्ब लावलेल्या कपाटात.

सासष्टीचा_सडेतोड

सगळं गोड गोड चाललंय म्हणून थोडं कडू घालतो. अर्जुन रणगाडा मंजूर झाला १९७४ ला, सैन्यात गेला २००४ ला. तीस वर्षं! कावेरी हे विमानाचं इंजिन १९८९ ला मंजूर झालं आणि तेजस लढाऊ विमान अजून अमेरिकन इंजिनवर उडतंय. त्रिशूळ क्षेपणास्त्र १९८३ च्या कार्यक्रमातलं, २००८ ला बंद. स्क्रू सोडवून बघण्यात एवढी वर्षं जात असतील तर करदाता म्हणून मला विचारायचा हक्क आहे. आणि आपल्या दाबोळीचंच घ्या, नेव्हीचं तेजस, इतका गाजावाजा, शेवटी नेव्हीने घेतलं का? नाही.

रनवेच्या_पलीकडे

सडेतोड, दाबोळीचं निघालं म्हणून लिहितो, मी वास्कोतच वाढलो, विमानं बघणं हा एकच छंद.

दाबोळीच्या नेव्हीच्या हंसा तळावर विमानवाहू जहाजाच्या डेकची नक्कल बांधलीय, जमिनीवर. एका बाजूला १४ अंशांचा चढ, स्की-जंप म्हणतात तो, आणि उतरायच्या बाजूला तारा. जहाजावर प्रयोग करायला गेलं आणि चुकलं तर विमान समुद्रात, म्हणून आधी इथे. २० डिसेंबर २०१४ ला नेव्हीचं तेजस पहिल्यांदा त्या चढावरून उडालं, चालवत होते कमोडोर जयदीप मावळणकर. तार पकडून उतरायला १३ सप्टेंबर २०१९ उजाडलं. आणि विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर खरोखर उतरलं ११ जानेवारी २०२० ला, तेव्हापण मावळणकरच.

आता मधे पाच वर्षं का लागली ते बघा. साधं विमान टेकताना नाक वर करून अलगद टेकतं. डेकवर अलगद चालतच नाही, तार चुकते. तसंच आदळायचं, शेपटीचा हुक तारेत अडकला पाहिजे आणि नव्वदेक मीटरमध्ये थांबायचं. म्हणजे चाकांचे पाय जाड, सांगाडा मजबूत, आणि वजन वाढलं. वजन वाढलं की चढावरून उडताना इंधन आणि शस्त्रं कमी. इंजिन तेवढंच. २०१६ मध्ये नेव्हीने स्पष्ट सांगितलं की हे जड आहे, दुसरं बघतो. एवढं सांगून झाल्यावरसुद्धा टेस्ट चालू ठेवल्या, ते मला आवडलं. घेणार नसलेलं विमान उतरवून कशाला बघायचं असं वाटेल, पण हुकवर किती ताण येतो, पाय किती दबतो हे आकडे दुसऱ्या कुणाकडून विकत मिळत नाहीत. आता दोन इंजिनांचं नवं विमान आखतायत त्यात तेच आकडे लागणार.

अर्जुनबद्दल तुमचं बरोबर आहे, तिथे मी काही बोलत नाही.

सासष्टीचा_सडेतोड

ठीक. विमानाचं पटलं. रणगाड्याचं राहिलं.

खारंवारं

सडेतोड, रणगाड्याचं मलापण राहिलंय. काही उशीर खरे असतात, काही साहेब बदलले म्हणून होतात, नवा साहेब आला की मागच्याची मागणी बदलते आणि डबा परत आमच्याकडे, नवीन नंबर लावून. एक पंखा मी चार वेळा पास केलाय. मोटर तीच, रंग वेगळा.

मांडवीपार

उशिरा आले धाग्यावर. मी समुद्रातल्या आवाजावर काम केलंय काही वर्षं, प्रोजेक्टवर, आता शिकवते. भाच्याला सोनारमध्ये (आवाजावरून पाण्याखालचं शोधायचं यंत्र) रस असेल तर कोचीची एनपीओएल त्याच विषयाची लॅब आहे, १९५२ पासून. त्यांच्यासाठी सागरध्वनी नावाचं जहाज आहे, त्याचं कामच मुळी समुद्र ऐकणं.

समुद्र शांत असतो हा किनाऱ्यावर बसून केलेला समज आहे. गरम उथळ पाण्यात माइक सोडला की पहिला आवाज येतो तो कढईत पापड टाकल्यासारखा, तडतड तडतड, थांबतच नाही. ते असतं एका बोटाएवढ्या सुंगटाचं म्हणजे कोळंबीचं काम, पिस्तूल सुंगट म्हणा. एक नांगी मोठी, ती इतक्या जोरात मिटतं की पाण्यात बुडबुडा तयार होतो आणि तो फुटतो त्याचा आवाज. पूर्वी वाटायचं नांगीवर नांगी आपटून आवाज होतो, २००० साली वेगवान कॅमेऱ्याने कळलं की बुडबुड्याचा. महायुद्धात पाणबुड्या ऐकायला बसलेल्यांना या तडतडीने हैराण केलं होतं, शेवटी प्राणिशास्त्राचे लोक बोलवून शोधावं लागलं की हा शत्रू नाही, सुंगट आहे. (खायच्या सुंगटांना यातलं काही येत नाही, हुमण निर्धास्त करा.)

आणि पाण्याचं तापमान. आवाज पाण्यात सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, पण एक डिग्री वाढली की तीनेक मीटरने वेग वाढतो, आणि आवाज नेहमी जिथे वेग कमी तिकडे वळतो. दुपारी वरचं पाणी तापलं की आवाज खाली वाकतो आणि सकाळी दिसणारी पाणबुडी दुपारी दिसेनाशी होते. आधी लोकांना वाटलं जेवून सोनारवाला पेंगतोय! मग पाण्यात थर्मामीटर सोडून बघितलं तेव्हा बिचाऱ्याची सुटका झाली. आपल्याकडे पावसाळ्यात मांडवी-जुवारीचं गोडं पाणी वर पसरतं, तेव्हा तर आणखी वेगळं गणित. पुस्तकातलं कोष्टक अटलांटिकचं, आपला समुद्र आपणच मोजावा लागतो, त्याला पर्याय नाही.

रेझिनवाला

मांडवीपारताई, सोनारचं निघालंच तर गोव्याची एक गोष्ट राहायला नको. जहाजाच्या नाकाखाली पाण्यात सोनार असतो त्याच्यावर टोपण लागतं, डोम म्हणतात. लाटेचा मार खायचा पण आवाज अडवायचा नाही, असं दोन्ही पाहिजे. लोखंड केलं तर आवाज अडतो. म्हणून फायबरचं. त्याचं डिझाइन पुण्याच्या आर अँड डीई या डीआरडीओच्या लॅबचं आणि बनवला आपल्या गोव्यातल्या किनेको कंपनीने, २०१६ मध्ये पर्रीकरांनी नेव्हीला दिला. भाई संरक्षणमंत्री होते तेव्हा, आणि मुळात आयआयटीचे मेटलर्जीवाले, त्यामुळे त्यांना काय बघायचं ते कळत असणार.

मी तिथे नव्हतो, मी बोटी बनवतो, पण रेझिनचं दुःख मला माहिती. कापडाचे थर टाकायचे, वरून प्लास्टिक, व्हॅक्यूम लावून रेझिन ओढून घ्यायचं. एक बुडबुडा राहिला तर माझ्या बोटीला काही होत नाही, गिऱ्हाइकाला दिसतपण नाही. पण डोममध्ये हवेचा बुडबुडा म्हणजे आवाजाच्या वाटेत भिंत. आणि एवढा मोठा तुकडा एकाच दमात ओढायचा, मधे रेझिन घट्ट व्हायला लागलं तर सगळं गेलं. गोव्याच्या दमट हवेत. ज्यांनी केलं त्यांना साष्टांग.

कुलूपबंद

सगळे कामाचं लिहितायत, मी घरचं लिहिते. माझे मिस्टर सायंटिस्ट होते अशाच एका लॅबमध्ये. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मला वाटायचं हा माणूस माझ्याशी बोलतच नाही. संध्याकाळी आल्यावर "कसा गेला दिवस" विचारलं की "बरा". मोबाइल गेटवर जमा, त्यामुळे मुलगा पडला तेव्हा मी गेटच्या लँडलाइनवर फोन करून निरोप ठेवलाय. परदेशी जायचं तर परवानगी, लेख छापायचा तर परवानगी. त्यांच्या वर्गातले लोक बाहेर नाव कमावत होते, यांचं काम कपाटात.

चाचणीला गेले की कुठे ते नाही, परत कधी ते नाही. एकदा पंधरा दिवसांनी आले ते काळे ठिक्कर होऊन, नाकाची सालं निघालेली. मी काही विचारलं नाही. जेवताना स्वतःच म्हणाले, "चाललं." भात दोनदा वाढून घेतला. एवढंच.

ताईला सांगा, बॉम्बची भीती नको, याची तयारी ठेवा.

संपादक मंडळ

धागा उत्तम चाललाय. एकच विनंती, सध्या चालू असलेल्या कामाचे, तळांचे तपशील किंवा फोटो कृपया टाकू नका. जे आधीच जाहीर आहे तेवढंच.

चिखलीकरीण

मंडळी काय लिहू, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. काल फोंड्याला गेले होते, सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. ताई कुलूपबंद यांचं ऐकून गप्प बसली थोडा वेळ, मग म्हणाली हा तसाही घरी कुठे काय सांगतो. भावोजींनी चहा मागितला.

आजोबांचं सांगायचं म्हणजे ते मांडवीत खाणीच्या बार्जवर इंजिन ड्रायव्हर होते, बावीस वर्षं. काकांचा डब्याचा किस्सा आला तसे ताठ बसले. म्हणाले, "दोन धातू जवळ ठेवले तर एक मरणारच, हे त्याला आत्ता कळलं? आम्ही बार्जच्या बुडाला झिंकचे तुकडे लावायचो. झिंक मरतं, बार्ज वाचतो." मग भाच्याला म्हणाले फॉर्म भर.

खारंवारं

आजोबांना माझा नमस्कार सांगा. झिंक मरतं आणि लोखंड वाचतं हे मला वर्गात शिकवलं तेव्हा बोर्डावर दोन तास गेले होते.

एक विचारा त्यांना, झिंक किती महिन्यांनी बदलायचे आणि नदीच्या वरच्या बाजूला उसगावकडच्या फेऱ्या जास्त असल्या की कमी झिजायचे का. गोड्या पाण्यात कमी झिजायला हवेत.

चिखलीकरीण

विचारलं. म्हणाले नक्की महिने आठवत नाहीत पण मुरगाव बंदरात जास्त उभं राहावं लागलं की लवकर जायचे. आणि म्हणाले, काकांना विचार, स्क्रूला ग्रीस का नाही लावलं?

खारंवारं

लावायला हवं होतं.